आधी फोड ओळखा, मग ट्यूब घ्या

पुण्यात पेरूगेटच्या आसपास माझं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला अभ्यासिकांमधली पोरं-पोरी चहाला बाहेर पडतात आणि त्यातली दोघं-तिघं तरी काउंटरशी येऊन मोबाईल पुढे करतात. स्क्रीनवर कुठल्या तरी ट्यूबचा फोटो असतो. "काकू, ही आहे का?" कुणासाठी हवी, असं विचारलं की आवाज खाली जातो.

परवा आलेली मुलगी तोंडावरचा स्कार्फ सोडायलाही तयार नव्हती. तिला आत बोलावलं, ट्यूबलाइटखाली स्टुलावर बसवलं. कपाळ नितळ, गाल नितळ, पण हनुवटीपासून जबड्याच्या कडेकडेने लाल, दुखऱ्या गाठी. ती ज्या ट्यूबचा फोटो घेऊन आली होती, ती तिच्या रूममेटला लागू पडली होती, आणि रूममेटला होते कपाळावर बारीक पांढरे दाणे. दोघी एकाच खोलीत राहतात, एकाच मेसला जेवतात, दोघींच्या तोंडावरच्या फोडांना 'पिंपल्स'च म्हणतात, पण दुखणं एक नाही. त्यामुळे औषधही एक नाही.

हा लेख त्या मुलीसारख्यांसाठी. मी फार्मासिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. घरी काय ओळखता येतं, काय लावता येतं आणि कुठे थांबून डॉक्टर गाठायचा, एवढं मात्र मी नक्की सांगू शकते.

फोड येतो कसा

चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी रंध्राच्या आतल्या मृत पेशी नीट सुटून बाहेर पडत नाहीत, तेलात चिकटून त्यांचा बोळा बनतो. आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जीवाणू त्या बंद रंध्रात वाढतात आणि मग शरीर त्यांच्याशी झगडायला लागलं की सूज, लाली, पू.

तेल, बोळा, जीवाणू, सूज. प्रत्येक औषध या चारांपैकी एखाद्या-दुसऱ्यावरच काम करतं, चारही एकदम क्वचितच. आणि आज आरशात दिसलेला फोड आतल्या आत कित्येक आठवडे आधी सुरू झालेला असतो. म्हणूनच चार दिवस लावून "फरक नाही" म्हणत ट्यूब बदलणाऱ्यांना कधीच फरक दिसत नाही.

पहिली पायरी: खिडकीशी उभं राहून बघा

साध्या फेसवॉशने तोंड धुवा, टिपून कोरडं करा, दहा मिनिटं काही लावू नका. मग दिवसाच्या उजेडात आरसा धरा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली बारीक दाणे दिसतच नाहीत. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, जबड्याची कड, मान, आणि शर्ट काढून छाती-पाठसुद्धा बघा. बोट हलकेच फिरवा. वर टेंगूळ लागतं की आत गोळी लागते? दाबलं तर दुखतं का? खाजतं का? मुली असाल तर पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतं का? फिल्टर न लावता समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी तेच उपयोगी पडतील, कारण रोज बघणाऱ्याला सुधारणा कळत नाही.

दुसरी पायरी: आपला प्रकार कोणता

*काळे ठिपके, पांढरे दाणे.* ना लाल, ना दुखणारे. रंध्राचं तोंड उघडं असेल तर बोळ्याचं टोक काळं दिसतं, तो ब्लॅकहेड. तोंड बंद असेल तर त्वचेच्याच रंगाचा किंवा पांढुरका दाणा, तो व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. त्वचेतलं रंगद्रव्य आणि हवेशी संपर्क आलेलं तेल यांचा तो रंग आहे, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. नाकावर सगळीकडे सारख्या अंतराने दिसणारे करडे ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेडही नसतात. ती तेलाची नेहमीची वाट आहे, सगळ्यांना असते, तिच्या मागे लागू नका.

यावरचं मुख्य औषध म्हणजे अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के जेल, रात्री. ते आतला बोळा बनू देत नाही. जोडीला २ टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेला फेसवॉश चालतो. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर अ‍ॅडापॅलीन लावू नका. अशा वेळी डॉक्टर बहुधा अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड देतात.

*लाल पुटकुळ्या आणि पिवळ्या तोंडाचे फोड.* इथे जीवाणू आणि सूज आलेली आहे, म्हणून नुसतं अ‍ॅडापॅलीन पुरत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड लागतं. सुरुवात २.५ टक्क्यांनी करा. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं इथे नाही. जास्त टक्क्यांनी जळजळ वाढते आणि चार दिवसांत माणूस औषधच सोडतो. फक्त फोडावर ठिपका न देता, फोड येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर लावायचा. एक लक्षात ठेवा, याने कापडाचा रंग उडतो. होस्टेलच्या निळ्या उशीवर पांढरे डाग पडलेत म्हणून घाबरून आलेला एक मुलगा मला आठवतो. पांढरा अभ्रा आणि जुना पांढरा टॉवेल वापरला की प्रश्न मिटतो.

क्लिंडामायसिन जेल पुष्कळ जण स्वतःहून मागतात. हे अँटिबायोटिक आहे. नुसतं तेवढंच महिनोन् महिने लावलं तर जीवाणू त्याला सरावतात आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा ते चालत नाही. डॉक्टर देतील तेव्हा, बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने आणि ठरावीक मुदतीपुरतंच.

*खोल, कठीण, दुखऱ्या गाठी.* वर तोंड दिसत नाही, पण गालावर हात टेकला तरी कळ येते. काही गाठी मऊ, पाण्याच्या फुग्यासारख्या असतात. खड्डे पडतात ते मुख्यतः याच प्रकारात, म्हणून इथे घरगुती प्रयोगांना एक दिवसही देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दाबू तर नकाच. पू वर येत नाही, आतल्या आत फुटून पसरतो. फार ठणकत असेल तर फडक्यात बर्फ गुंडाळून काही मिनिटं धरा आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या.

ते बहुधा डॉक्सिसायक्लीन या अँटिबायोटिकच्या गोळ्या देतील, साधारण तीन महिन्यांच्या आत संपणारा कोर्स. ही गोळी मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. लोहाच्या गोळ्या किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध यांच्यासोबत ती घेऊ नये. उन्हाने त्वचा लवकर भाजते, म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडताना जपा. गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

याने भागलं नाही किंवा खड्डे पडायला लागले, तर आयसोट्रेटिनॉइन. हे औषध अमेरिकेत १९८२ साली मंजूर झालं आणि गाठींच्या पिंपल्सवर आजही त्याच्या तोडीचं दुसरं नाही, कारण वर सांगितलेल्या चारही गोष्टींवर ते काम करतं. पण गरोदरपणात घेतलं तर बाळात गंभीर व्यंग होतं. त्यामुळे मुलींना गोळी सुरू करण्याआधी गरोदरपणाची तपासणी, गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भनिरोधन, यात सवलत नाही. लग्न ठरलंय, तारीख जवळ आहे म्हणून 'चेहरा लवकर साफ करायला' ही गोळी मागायला येणारे आईवडील मी पाहिलेत. त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगायलाच हवी. लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात, ओठ फुटतात, व्हॅक्सिंग टाळावं लागतं, रक्तदानही करता येत नाही. मैत्रिणीच्या पाकिटातली उरलेली गोळी घेणं हा तर जिवाशी खेळ आहे.

*हनुवटी-जबड्यावर, पाळीच्या आधी.* परवाच्या मुलीचा हा प्रकार. तिला विचारलं, "पाळी नियमित येते का गं?" ती म्हणाली, "दोन-दोन महिने येत नाही, पण अभ्यासाच्या टेन्शनने असेल." ओठांवर, हनुवटीवर दाट केस, डोक्यावरचे विरळ होणं, वजन वाढणं, अनियमित पाळी, यातलं काही जोडीला असेल तर पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) आहे का ते स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बघून घ्यावं. अशा वेळी वरून कितीही जेल लावलं तरी मूळ आतच असतं. डॉक्टर तपासून संप्रेरकांच्या गोळ्या किंवा पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन देऊ शकतात. मुलगे मात्र नुसतं जबड्यावर फोड आहेत म्हणून घाबरू नका. दाढीच्या भागात, वळलेला केस त्वचेत घुसूनही तसे फोड येतात. तिथे ब्लेड आणि घासून दाढी करण्याची सवय बदलावी लागते.

*खाजणारे, एकसारखे, बारीक दाणे.* कपाळ, छाती, पाठ. सगळे जणू एकाच मापाचे, घामानंतर वाढणारे. याला लोक पिंपल्स म्हणतात, पण हा त्वचेवरच्या मॅलासेझिया यीस्टमुळे, म्हणजे एका बुरशीमुळे, आलेला पुरळ असू शकतो. अँटिबायोटिकने तो उलट वाढतो, आणि कमी होतो बुरशीविरोधी औषधाने, जसं की किटोकोनॅझोल. खाज हीच खूण धरा आणि डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या.

*आपण स्वतः आणलेले.* पुण्यात हा प्रकार मी फार बघते. दुचाकीवर तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ, आतला घाम, बाहेरची धूळ, आणि तोच स्कार्फ आठवडाभर. हेल्मेटचा पट्टा घासतो तिथे हनुवटीखाली ओळीने फोड. स्कार्फ सोडा असं मी म्हणणार नाही, सिंहगड रोडवरून रोज जाणाऱ्या मुलीला ते सांगण्यात अर्थ नाही. सुती घ्या, तीन-चार ठेवा, रोज धुतलेला बांधा, हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर धुवा. कपाळावर केसांच्या रेषेजवळच दाणे असतील तर डोक्याला चोपलेलं खोबरेल तेल खाली उतरतंय का बघा. तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको. आणि जिमला जाणाऱ्या मुलांनो, व्हे प्रोटीन सुरू केल्यापासून छाती-पाठीवर फोड आले असतील तर महिनाभर बंद करून बघा. कुणी 'बॉडी'साठी इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टरांपासून ते लपवू नका. टीबीची, फिटची काही औषधं यांनीही असे फोड येतात, पण ती औषधं स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाहीत.

पिंपल्सवरचं नसलेलं औषध

यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण यात माझाही वाटा आहे. दुकान नवीन असताना लोक नाव घेऊन क्रीम मागायचे आणि मी द्यायचे. बीडकडून परीक्षेच्या तयारीला आलेला एक मुलगा दर महिन्याला एक ट्यूब न्यायचा. पहिल्या महिन्यात खूश होता, रंग उजळला होता, फोड बसले होते. आठव्या-नवव्या महिन्यात तो आला तेव्हा गाल शेंदरासारखे लाल होते, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, आणि सगळीकडे एकाच मापाचे फोड. "मॅडम, एक दिवस नाही लावली तर आग होते," म्हणाला. त्या दिवशी मी पाकीट उलटं करून घटक नीट वाचले. त्यात तीव्र स्टिरॉइड होतं.

स्टिरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून सुरुवातीला चेहरा गोरा, गुळगुळीत दिसतो. आत त्वचा पातळ होत जाते. बंद केलं की सगळं दुपटीने उसळतं, मग माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ साली सरकारने अशी क्रीम्स शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती मैत्रिणीकडून, पार्लरमधून, 'फेअरनेस' म्हणून बिनलेबलाच्या डबीतून हातात येतातच.

म्हणून घरातल्या प्रत्येक ट्यूबचं पाकीट वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं, किंवा पाकिटावर उभी लाल रेघ दिसली आणि तुमच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी नसेल, तर ती चेहऱ्याला लावायची नाही. आधीच लावत असाल तर घाबरून एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. ते टप्प्याटप्प्याने सोडवतात. तो मुलगा बरा झाला, पण वर्ष गेलं.

तिसरी पायरी: रोजचं लावणं

सकाळी सौम्य फेसवॉश. बेंझॉइल पेरॉक्साइड लागत असेल तर ते आत्ता. मग तेलविरहित मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न मला रोज येतो. औषधाने त्वचा कोरडी पडते, सोलते, आणि मग लोक औषधच सोडतात, म्हणून.

रात्री पुन्हा तोंड धुवा, पूर्ण कोरडं करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. वाटाण्याएवढं अ‍ॅडापॅलीन घ्या, कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी यांवर ठिपके द्या आणि पसरवा. पूर्ण चेहऱ्याला एवढंच पुरतं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठ सोडा. वर मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक, सहन झालं की रोज. फारच झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध.

दोन ते चार आठवड्यांत त्वचा सोलेल, कदाचित फोड थोडे वाढल्यासारखे दिसतील. इथेच सगळे हात टेकतात. टिकून राहा. बारा आठवडे पूर्ण करा आणि मग त्या तीन फोटोंशी पडताळा. चेहरा स्वच्छ झाल्यावरही अ‍ॅडापॅलीन चालू ठेवायचं, कारण आतला बोळा पुन्हा बनायला बसलेलाच असतो.

आजीचं जायफळ आणि बाकीचं

जायफळ दुधात उगाळून लावणं, लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा. यातल्या लिंबू, टूथपेस्ट आणि सोड्याने त्वचा भाजते, आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर ती भाजल्याची जागा काळी पडून महिनोन् महिने राहते. जायफळानेही पुष्कळांना आग होते. दिवाळीच्या पहाटे उटणं जरूर लावा, पण सुजलेल्या फोडांवर रगडू नका.

'उष्णता वाढलीय', 'पोट साफ नाही' हे घरोघरी ऐकू येतं. तिखट-तेलकटाबद्दल ठोस पुरावा कमी आहे. साखर, मैदा, गोड पेयं यांसारखे रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ आणि काहींच्या बाबतीत दूध, यांचा संबंध मात्र दिसून आला आहे. दिवसाला पाच कप साखरेचा चहा आणि क्रीमरोल यावर अभ्यास चालला असेल तर तिथे हात घालता येईल. मेसचं वरण-भात-भाजी सोडायचं कारण नाही.

डॉक्टरकडे कधी, आणि काय घेऊन

गाठी असतील, एकही खड्डा पडला असेल, बारा आठवड्यांत फरक नसेल, फोडांबरोबर ताप आणि सांधेदुखी असेल (ही दुर्मीळ पण तातडीची अवस्था), किंवा चेहऱ्यामुळे वर्गात जाणं, माणसांत बसणं नकोसं झालं असेल, तर थांबू नका. हे शेवटचं कारणही पहिल्याइतकंच खरं आहे. पैशांची अडचण असेल तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, रांग असते, पण तपासणारे त्वचारोगतज्ज्ञ असतात.

उरलेल्या काळ्या डागांना घाई करू नका. सपाट डाग सनस्क्रीन आणि वेळ यांनी फिकट होतात, अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडनेही मदत होते. खड्डे मात्र कुठल्याच क्रीमने भरत नाहीत. अरुंद-खोल, रुंद-कडेदार, लाटेसारखे असे त्यांचे प्रकार असतात आणि सबसिजन (सुईने खड्ड्याखालचे ताणलेले धागे सोडवणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेझर यांतलं काय लागेल ते त्यावर ठरतं. नवे फोड येणं थांबल्यावरच त्याचे पैसे खर्च करा.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी संपलेल्या आणि चुरगळलेल्यासुद्धा, एका पिशवीत घाला. चालू असलेल्या गोळ्या, पाळीच्या तारखा आणि ते तीन फोटो सोबत घ्या. परवाची मुलगी जायला निघाली तेव्हा मी तिच्या हातात ट्यूब दिली नाही, रिकामी कागदी पिशवी दिली.